एसएमपीएसच्या फॅनचा आवाज: कारण कसं शोधायचं आणि दुरुस्ती कुठवर स्वतः करायची

डेस्कटॉपच्या मागून घरघर येऊ लागली की कॅबिनेटवर एक थाप मारायची आणि आवाज थांबला की कामाला लागायचं, हा घरोघरी चालणारा उपाय आहे. थापेने आवाज थांबतो हे खरं, कारण झिजलेल्या बेअरिंगमधला दांडा क्षणभर जागा बदलतो. पण पुढे कधीतरी तोच दांडा अडकतो, फॅन फिरायचा थांबतो आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आतल्या आत तापत राहतो. स्वस्तातला, संरक्षण नसलेला एसएमपीएस असेल तर जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. दुसरीकडे, आवाज आला म्हणून थेट नवा एसएमपीएस आणणारेही खूप आहेत, आणि नवा बसवल्यावर कळतं की आवाज कॅबिनेट फॅनचा होता.

म्हणून आधी आवाजाचं मूळ शोधा. स्क्रूड्रायव्हर त्यानंतर.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्या. कॅबिनेट उघडणं आणि एसएमपीएसचा डबा उघडणं यात फार मोठा फरक आहे. कॅबिनेटमध्ये जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी असतात. एसएमपीएसच्या आत मात्र घरातल्या २३० व्होल्ट एसीचं रूपांतर सुमारे ३२५ व्होल्ट डीसीमध्ये होतं, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (विजेचा वापर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये हाच आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो. हा दाब आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतो. तो जीव घेऊ शकतो. खालच्या पहिल्या चार पायऱ्यांत डबा उघडावा लागत नाही आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. पाचव्या पायरीपासून पुढे फक्त त्यांनीच जावं ज्यांना मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजता येतं. बाकीच्यांनी एसएमपीएस काढून ओळखीच्या तंत्रज्ञाकडे न्यावा.

काय काय जवळ हवं

कागद: खरेदीचं बिल आणि एसएमपीएसच्या लेबलवरचा सिरियल नंबर. लेबल बहुतेक वेळा कॅबिनेटच्या आतल्या बाजूला असतं, मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा.

हत्यारं: २ नंबर आणि १ नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, रंगकामाचा १ इंची नवा कोरडा ब्रश, हाताचा इलेक्ट्रिक ब्लोअर, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, दोन-चार प्लॅस्टिकचे केबल टाय, नाकाला मास्क.

डबा उघडायचाच असेल तर याशिवाय: ६०० व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा मल्टिमीटर, शिलाई मशीनचं तेल, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लहान सोल्डरिंग गन आणि हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर तारेवर आवळणारी).

१. आवाज एसएमपीएसचाच आहे याची खात्री करा

साध्या पीसीमध्ये फिरणाऱ्या वस्तू निदान तीन-चार असतात: प्रोसेसरचा फॅन, कॅबिनेटचे फॅन, ग्राफिक्स कार्डचे फॅन, एसएमपीएसचा फॅन आणि असली तर हार्ड डिस्क. सगळे एकाच पत्र्याच्या पेटीला जोडलेले असल्याने आवाज भलत्याच ठिकाणाहून येतोय असं वाटतं. खासकरून एसएमपीएस आणि मागचा कॅबिनेट फॅन इतके जवळ असतात की नुसत्या कानाने फरक कळत नाही.

मशीन बंद करा, बाजूचा पत्रा काढा. कॅबिनेट फॅनच्या पिना काढून ठेवा आणि मशीन चालू करून ऐका. आवाज गेला तर दोषी सापडला. नाही गेला तर प्रोसेसरच्या फॅनच्या मधल्या गोल भागावर (पात्यांवर नव्हे) बोट हलकेच टेकवून तो दोन सेकंद थांबवा आणि सोडून द्या. मदरबोर्डवर डिस्प्ले पोर्ट असेल आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मशीन बंद करून ग्राफिक्स कार्ड काढा आणि पुन्हा ऐका. हार्ड डिस्कची केबलही अशीच मशीन बंद असताना काढून पाहता येते. जाड कागदाची हातभर नळी करून एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एकेका फॅनजवळ नेलं की आवाजाची दिशा आश्चर्यकारक स्पष्ट कळते.

एसएमपीएसच्या जाळीतून पेन, स्क्रूड्रायव्हर किंवा तार घालून चालू फॅन थांबवू नका. जाळीच्या दोन इंच आत जिवंत वीज आहे.

अजूनही शंका असेल तर एसएमपीएस एकट्याने चालवून बघा. सगळ्या केबल मदरबोर्ड, कार्ड आणि डिस्कपासून सोडवा. २४ पिनी कनेक्टरमध्ये हिरवी तार (१६ नंबरची पिन) आणि कोणतीही काळी तार एका वाकवलेल्या पेपर क्लिपने जोडा. क्लिप घालताना भिंतीवरचं बटन बंद हवं, जोडणी झाल्यावरच चालू करायचं. एखादा जुना कॅबिनेट फॅन लोड म्हणून जोडून ठेवा, काही एसएमपीएस रिकामे चालत नाहीत. तुमच्या केबल सगळ्या काळ्या असतील तर अंदाजाने पिन निवडू नका, चाचणीचा तयार जंपर प्लग बाजारात मिळतो तो घ्या. आणि हो, काही महागड्या एसएमपीएसमध्ये कमी लोडवर फॅन मुद्दाम थांबलेला असतो. तो बिघाड नव्हे.

२. आवाज कसला आहे ते ऐका

ही पायरी लोक सर्वात जास्त टाळतात, आणि खरं निदान इथेच होतं.

एका लयीत *टक-टक-टक*, आणि फॅन जोरात फिरला की लय वाढते: पात्याला काहीतरी लागतंय. बाहेरून जाळी आत दबलेली असते, एखादी केबल किंवा केबल टायचं टोक जाळीतून आत गेलेलं असतं, नाहीतर आतलं हवा वळवणारं पारदर्शक प्लॅस्टिक सुटलेलं असतं. यात बेअरिंग ठणठणीत असतं.

सकाळी मशीन चालू करताना *घर्रर्र*, दहा-पंधरा मिनिटांनी शांत: स्लीव्ह बेअरिंगमधलं (यात दांडा नळीत तेलाच्या थरावर फिरतो) तेल सुकलंय. गार असताना उरलेलं तेल घट्ट असतं, तापल्यावर पातळ होऊन पसरतं. म्हणून ही तक्रार थंडीत जास्त येते. तेल किंवा नवा फॅन, दोन्ही उपाय लागू पडतात.

दिवसभर एकसारखी *खरखर*: बेअरिंग झिजलं. तेलाने थोडे दिवस बरं वाटेल, पण फॅन बदलायचाच आहे हे धरून चाला.

पूर्ण कॅबिनेट गुणगुणतं आणि वरून हाताने दाबलं की थांबतं: हे कंपन आहे. एसएमपीएसचे मागचे चार स्क्रू सैल असतात किंवा चारपैकी दोनच लावलेले असतात. पात्यांवर धुळीचा थर एका बाजूला जास्त साचला तरीही हेच होतं.

नुसत्या हवेचा मोठा झोत, खरखर नाही: फॅन आपलं काम करतोय. आत उष्णता जास्त आहे म्हणून तो जोरात फिरतोय. इथे उष्णतेचं कारण शोधायचं: तुंबलेली जाळी, भिंतीला चिकटवलेलं कॅबिनेट, किंवा ४५० वॉटच्या एसएमपीएसवर नंतर चढवलेलं मोठं ग्राफिक्स कार्ड. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या पुढे गेली असेल तर दुपारी हा आवाज येणारच.

बारीक *किर्रर्र* किंवा शिट्टी, माउसचं चाक फिरवलं किंवा गेमचा मेनू उघडला की बदलते: हा फॅन नाही. कॉइलच्या तारा कंप पावतात त्याचा आवाज आहे. ग्राफिक्स कार्डच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट सेकंदाला ६० वर बांधून बघा, बहुतेक वेळा कमी होतो. याला तेलही नको आणि ब्लोअरही नको.

शेवटचा प्रकार आपल्याकडे लोडशेडिंगच्या गावांत हमखास दिसतो. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर मशीन जाताच एसएमपीएस *घूंऽऽ* करतो आणि लाइट आल्यावर गप्प होतो. स्क्वेअर वेव्ह देणाऱ्या इन्व्हर्टरमुळे आतले कॉइल गुणगुणतात. फॅन बदलून हा आवाज कधीच जाणार नाही, त्याला प्युअर साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो.

३. डबा न उघडता साफसफाई

भिंतीवरचं बटन बंद करा, पॉवर केबल काढा, मग कॅबिनेटचं पॉवर बटन दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेट गॅलरीत किंवा अंगणात न्या. घरात ब्लोअर मारलात तर धूळ पंख्यावरून फिरून पुन्हा त्याच मशीनमध्ये जाईल.

आधी एसएमपीएस हवा कुठून घेतो ते पाहा. कॅबिनेटच्या तळाशी बसवलेला असेल तर खाली एक सरकणारी जाळी असते. ही जाळी आहे हेच अनेकांना माहीत नसतं, आणि ती धुळीने नमद्यासारखी भरलेली असते. काढून पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून लावा. कॅबिनेट गालिच्यावर किंवा गादीवर ठेवलं असेल तर खाली फळी सरकवा. एसएमपीएस वर बसवलेला असेल तर तो कॅबिनेटच्या आतली गरम हवा ओढतो, म्हणून प्रोसेसरच्या हीटसिंकची (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) सफाईही त्याच बैठकीत करा.

ब्लोअर मारण्याआधी फॅन अडवा. जाळीतून केबल टायचं टोक किंवा कापसाची काडी पात्यांमध्ये अडकवून ठेवा (प्लग काढलेला असतानाच). मोकळा फॅन ब्लोअरच्या हवेने त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बरं असलेलं बेअरिंगही तिथेच खराब होतं. गल्लीतल्या दुकानात पीसी साफ करून आणला आणि आवाज वाढला, अशी तक्रार ऐकलीत तर कारण बहुधा हेच असतं. झोत आधी मागच्या जाळीतून आत, मग फॅनच्या बाजूने, थोडा थोडा वेळ मारा. काडी काढायला विसरू नका.

स्वयंपाकघराजवळच्या मशीनमध्ये फोडणीच्या वाफेने आणि देवघराजवळच्या मशीनमध्ये उदबत्तीच्या धुराने धूळ चिकट होते. ती हवेने निघत नाही. कोकणात पावसाळ्यानंतर तर धुळीचा लगदाच झालेला असतो आणि जाळीला गंज चढलेला असतो. अशा वेळी बाहेरून ब्रशने जेवढं निघेल तेवढं काढा. बाकीच्यासाठी फॅन बाहेर काढावा लागतो.

मागचे चारही स्क्रू घट्ट करा. हे जाड आट्यांचे स्क्रू असतात, डीव्हीडी ड्राइव्हचे किंवा २.५ इंची डिस्कचे बारीक आट्यांचे स्क्रू इथे चालत नाहीत. ते आत फिरतात पण धरत नाहीत, आणि कंपन सुरू होतं.

४. थांबा: वॉरंटी आणि वय तपासा

चांगल्या एसएमपीएसना ३, ५, काहींना ७ ते १० वर्षांची वॉरंटी असते. डब्याच्या एका स्क्रूवर स्टिकर असतं, ते फाटलं की वॉरंटी संपली. वॉरंटी शिल्लक असेल तर डबा उघडू नका. आवाजाचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, सोबत लेबल आणि बिल, आणि सर्व्हिस सेंटरला द्या. फॅनचा आवाज हे बदलून घ्यायला पुरेसं कारण आहे. दुकानदार ‘एवढं चालतं हो’ म्हणाला तरी लेखी तक्रार नोंदवा.

खालीलपैकी काही दिसलं तर फॅनच्या दुरुस्तीवर पैसे घालू नका, पूर्ण एसएमपीएस बदला: जळका वास, मशीन आपोआप रीस्टार्ट होणं, जाळीतून टॉर्चने पाहिल्यावर वरून फुगलेले कॅपॅसिटर, किंवा कॅबिनेटसोबत फुकट आलेला, लेबलवर ४५० वॉट लिहिलेला पण हातात घेतल्यावर अगदीच हलका लागणारा डबा. नवा फॅन या डब्याचं आयुष्य वाढवत नाही.

५. डबा उघडणं

प्लग काढून, पॉवर बटन दाबून झाल्यावर एसएमपीएस बाहेर काढा आणि निदान एक तास तसाच ठेवा. जमत असेल तर रात्रभर. काढण्याआधी कोणती केबल कुठे होती याचे फोटो घ्या. एसएमपीएस मोड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर केबल त्याच्याच जपून ठेवा, दुसऱ्या कंपनीची केबल प्लगमध्ये बसते पण पिनांची रचना वेगळी असू शकते आणि डिस्क जळतात.

झाकणाचे चार स्क्रू काढा. झाकण एकदम उचलू नका, फॅन झाकणालाच लावलेला असतो आणि त्याची दोन तारांची छोटी केबल खालच्या बोर्डला जोडलेली असते. झाकण पुस्तकासारखं बाजूला उघडा. दुसरा हात पाठीमागे किंवा खिशात ठेवा. हीटसिंकच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांनाही हात नको, काही डिझाइनमध्ये त्याही उच्च दाबाला जोडलेल्या असतात.

मल्टिमीटर डीसी ६०० व्होल्टवर ठेवून सर्वात मोठ्या कॅपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. टोकं बोर्डच्या खाली असल्याने पोचता येत नसेल तर इथेच थांबा आणि तंत्रज्ञाकडे न्या. आकडा १० व्होल्टच्या खाली असेल तरच पुढे जा. जास्त असेल तर झाकण ठेवून आणखी वाट पाहा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून कॅपॅसिटर रिकामा करायचा प्रकार व्हिडिओंमध्ये दिसतो. ठिणगी उडते, टोक वितळतं, कॅपॅसिटरही खराब होतो. तो करू नका.

फॅनची केबल प्लगची असेल तर प्लगला धरून सोडवा, तारा ओढू नका. प्लगवर गोंद असतो, तो कडेने खरवडा. तारा बोर्डला थेट सोल्डर केलेल्या असतील तर बोर्डच्या बाजूला पाच-सहा सेंटिमीटर तार ठेवून मधेच कापा. फॅनचे चार स्क्रू काढा. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी निघाली तर ती कोणत्या बाजूला होती याचा फोटो घ्या आणि ती परत तिथेच लावा. हवा गरम भागांवर वळवण्यासाठी ती दिलेली आहे, अडगळ म्हणून फेकू नका.

६. तेल

झाकणावरच्या फॅनची स्टिकरची बाजू बोर्डकडे असते, म्हणून बाहेरून तेल घालता येत नाही. जाळीतून फवारलेलं तेल बेअरिंगपर्यंत पोचतच नाही, फक्त पात्यांवर धूळ चिकटवतं.

स्टिकर एका कडेने हलकेच उचला. खाली रबराचं बूच असेल तर टाचणीने काढा. दांड्याचं टोक आणि त्याभोवती पांढरी वॉशर दिसेल. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, पाती हाताने दहा-पंधरा वेळा फिरवा, मग दुसरा थेंब. बस. जास्त तेल बाहेर येऊन बोर्डवर उडतं. कडा अल्कोहोलने पुसा, कारण तेलकट जागेवर स्टिकर चिकटत नाही आणि उघडं भोक आठवड्यात धूळ ओढतं.

खोबरेल तेल अजिबात नको: थंडीत ते गोठतं, नंतर चिकट होतं. डब्ल्यूडी-४० सुद्धा नको. ते पातळ आहे, आतलं उरलेलं तेल धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं, मग आवाज दुप्पट होतो. स्टिकरखाली भोकच नसेल तर तो बंद बेअरिंगचा फॅन आहे. ड्रिल मारू नका, फॅन बदला.

७. नवा फॅन निवडताना

माप पट्टीने घ्या, डोळ्यांनी नको. १२० मिलिमीटरच्या फॅनच्या दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर १०५ मिलिमीटर असतं, १४० च्या फॅनचं १२४.५, ८० च्या फॅनचं ७१.५. अनेक एसएमपीएसमध्ये १३५ मिलिमीटरचा फॅन असतो आणि तो दुकानात सहज मिळत नाही, १४० चा आणलात तर भोकं जुळणार नाहीत. जाडीही मोजा. साधारण २५ मिलिमीटर असते, पण बसक्या डब्यांत कमी जाडीचे फॅन असतात.

जुन्या फॅनच्या स्टिकरवर १२ व्होल्ट आणि किती ॲम्पिअर ते लिहिलेलं असतं. नवा त्याच्या आसपासच हवा. खूप जास्त ॲम्पिअरचा लावला तर वेग ठरवणारं सर्किट जळू शकतं. उलट चूक जास्त होते: शांतता हवी म्हणून कमी वेगाचा फॅन आणला जातो. मिनिटाला १८०० फेऱ्यांच्या जागी ८०० फेऱ्यांचा फॅन बसवलात की आवाज जाईल, पण आतलं तापमान चढेल. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा या क्षेत्रातला रोजचा हिशेब आहे.

आणखी एक सापळा. कमी लोडवर एसएमपीएस फॅनला १२ नव्हे, ४-५ व्होल्टच देतो. नवा फॅन तेवढ्यावर स्वतःहून सुरू झाला पाहिजे. बसवण्याआधी दुसऱ्या पीसीच्या मोलेक्स (चार पिनांच्या जुन्या) कनेक्टरच्या लाल (५ व्होल्ट) आणि काळ्या तारेवर लावून पाहा. बोटाने ढकलावा लागत असेल तर तो परत करा.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे फॅन मिळतात. जुना फॅन सोबत न्या आणि बॉल किंवा फ्लुइड बेअरिंगचा मागा. तीन तारांचा फॅनही चालतो: १२ व्होल्टची (बहुधा लाल, कधी पिवळी) आणि काळी जोडायची, तिसरी वेगाची तार वेगळी बांधून ठेवायची. जोड सोल्डर करा आणि हीट श्रिंक चढवा. नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळलेली तार उष्णतेने सुटते. नवा फॅन मदरबोर्डला जोडायचा सल्ला मिळेल तोही मानू नका, मदरबोर्डला एसएमपीएसच्या आतलं तापमान कळत नाही.

८. बंद करून तपासा

झाकणावरच्या फॅनची स्टिकरची बाजू आत, बोर्डकडे. तारा पात्यांपासून दूर केबल टायने बांधा आणि झाकण लावण्याआधी पाती हाताने फिरवून कुठे घासत नाहीत ना ते पाहा. झाकणाचे चारही स्क्रू लागल्याशिवाय वीज जोडायची नाही, ‘जरा बघू’ म्हणूनसुद्धा नाही.

मशीन अर्थिंग असलेल्या थ्री-पिन सॉकेटवर चालू करा. टॉर्चने फॅन फिरतोय ते पाहा, मागच्या जाळीशी तळहात धरा: हवा बाहेर आली पाहिजे. आत ओढली जात असेल तर फॅन उलटा बसलाय. अर्धा तास एखादा गेम किंवा जड काम चालवा, वास येतो का बघा. मग मशीन बंद करून रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी पुन्हा ऐका, कारण तेलाची खरी परीक्षा गार फॅनवरच होते. सकाळची घरघर महिन्या-दोन महिन्यांत परतली तर दुसऱ्यांदा तेल घालू नका, फॅन बदला.